भिंती एका पाटलाच्या, टिन दुसऱ्याचं

ज्या वर्षी जगाचा कारभार आमच्या ओसरीवरून चालत होता, त्या वर्षाची ही हकिगत. कारभारी म्हणजे माझे यजमान. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. अमेरिका, रशिया, चीन ही बडी राष्ट्रं पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब धरून आज कोणतं प्यादं कुठे सरकवतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्याला ते महाव्यूहनीती म्हणत. प्रबंध पुरा करायचा म्हणून त्यांनी वर्षाची बिनपगारी रजा काढली आणि मी जिथे शाळेवर होते त्या गावी येऊन राहिले. ओसरीच्या भिंतीवर जगाचा नकाशा लागला. त्यावर रंगीत टाचण्या लागल्या. रशियाच्या टाचण्या लाल होत्या, त्या संपल्यावर माझ्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांवर संकट आलं.

यजमान मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, पण शिकायला काही वर्षं पुण्यात होते. तिथून येताना ते आमचं वऱ्हाडी ‘मले-तुले’ तिथेच ठेवून आले. उंबऱ्याला ठेच लागली की मात्र तोंडातून ‘मेलो बे’ असंच निघे.

त्यांच्या अभ्यासाविषयी मला आदर नव्हता असं नाही. पहाटे उठून ते वाचत, टिपणं काढत, आणि खरंच पुष्कळ जाणत. अडचण एवढीच होती की ते जे जाणत ते घडत नसे. चीन हल्ला करणार नाही, कारण तसं करणं चीनच्या दूरच्या हिताचं नाही, असा लेख त्यांनी नागपूरच्या एका दैनिकाला धाडला होता. तो छापून आला त्याच आठवड्यात चीन आत शिरला. मी म्हटलं, “त्यांनी तुमचा लेख वाचला नाही वाटतं.” पुढल्या महिन्यात यजमानांनी दुसरा लेख लिहिला: चीनचं कुठे चुकलं.

मी सांगते आहे तो त्या लढाईनंतरचा उन्हाळा. गावाचं नाव सांगत नाही. मेहकर तालुक्यातलं, जानेफळचा बाजार करणारं गाव, एवढं पुरे. त्यातली माणसं हयात आहेत आणि भांडायला अजून धडधाकट आहेत.

गावात मुलींची चौथीपर्यंतची शाळा होती आणि तिची मी हेडमास्तरीण. पाचवी होती ती शेजारच्या गावात, मुलांच्या शाळेत, आणि मधे नदी. मुलं जात. मुलींना कोणी धाडत नसे. चौथी झाली की मुलगी एक तर शेतात, नाही तर बोहल्यावर. मी त्या गावी आल्यापासून असे किती वर्ग हातावेगळे केले आणि त्यांतल्या किती जणी पुढे सही करण्यापुरत्याही साक्षर उरल्या, याचा विचार मी करत नसे. केला असता तर शाळेत जाववलं नसतं.

त्या वर्षी चौथीत पहिली आली ती बौद्ध वस्तीतली एक मुलगी. बुटकी, काटक, आणि त्रैराशिक सांगायच्या आधी उत्तर पाटीवर. तिची आई मजुरी करी. निकालाच्या दिवशी ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पेढ्याबिढ्याची भानगड नाही, सरळ मुद्द्यावर.

“बाई, पाचवी निघाली तं माही पोरगी शाळेत. नाई निघाली तं माह्या संगं वावरात निंदाले. मंग मांगून मले सांगू नोका, का पोरगी लई हुशार होती म्हनून.”

“निघेल,” मी म्हटलं.

“कवा?”

याचं उत्तर शिक्षणखात्याकडे होतं. गावानं चार भिंती आणि वर छप्पर अशी वेगळी खोली उभी करावी, शाळा उघडायच्या आधी तपासणीचे डिप्टीसाहेब येऊन पाहतील, खोली असली तर पाचवी मंजूर. नसली तर पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी म्हणजे या मुलींसाठी कधीच नाही. वर्षभर निंदण केलेली मुलगी पुन्हा पाटी धरत नाही, आणि बाप धरू देत नाही.

आता खोली. गावात खोली बांधू शकतील अशी दोनच घरं होती: वरच्या वेटाळातले, म्हणजे वरच्या आळीतले, पाटील आणि खालच्या वेटाळातले पाटील. एकाच पणजोबाची ही दोन घरं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, यावरून काही वर्षांपूर्वी बैल बाजूला राहून माणसांनीच एकमेकांना शिंगं मारली होती. तेव्हापासून बोलणं बंद. गावात पोळ्याला दोन तोरणं लागत, आणि आपण कोणत्या गटाचे हे बैलांनाही पाठ झालं होतं. सरपंच दोघांनाही भिई, म्हणून काम निघेल त्या दिवशी तो हटकून परगावी असे.

माझा विचार सरळ होता. दोघांपैकी जो आधी भेटेल त्याच्याकडून सगळी खोली घ्यायची आणि दुसऱ्याच्या पाया पडायचं ते नंतर पडायचं. हे मी पोळ्या लाटताना बोलले, ही चूक झाली. यजमानांनी लेखणी खाली ठेवली.

“एकाच सत्तेच्या दावणीला बांधून घेणं ही लहान राष्ट्राची आत्महत्या असते,” ते म्हणाले.

“मी राष्ट्र नाही. मला एक खोली हवी आहे.”

“तत्त्व तेच. वरच्या पाटलांनी खोली बांधली तर खालच्या वेटाळातल्या मुली तिथे येतील?”

हे मात्र बरोबर होतं. आल्या नसत्या.

“अलिप्तता,” यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला उगाच धास्ती वाटली. “भिंती एकाकडून घ्यायच्या, छप्पर दुसऱ्याकडून. दोघांची मदत, कोणाचीच मालकी नाही. अगं, देशाचं सगळं परराष्ट्र धोरण याच पायावर उभं आहे.”

“आणि त्या धोरणाचं गेल्या दिवाळीत काय झालं?”

“तो अपवाद होता.”

माझ्या हाताला पीठ होतं आणि त्यांच्या पायात चपला होत्या, म्हणून ते माझ्या आधी बाहेर पडले. आधी वर गेले, मग खाली. दोघांनीही एका बैठकीत हो म्हटलं. वरच्या पाटलांनी दगडमातीच्या भिंती कबूल केल्या, खालच्या पाटलांनी बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, आणि टिनाचे पत्रे. दुसरा काय देतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आपण मागे राहायचं नाही एवढंच दोघांच्या डोक्यात होतं. यजमान घरी आले ते विजयी वीरासारखे. त्यांनी प्रबंधात एक नवं प्रकरण उघडलं आणि मला चहा टाकायला सांगितलं.

मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. शाळेमागच्या पडीत जागेत भिंती उठायला लागल्या. गवंडी चांगला होता. खिडक्यांच्या जागा मी स्वतः उभी राहून ठरवल्या. दुसऱ्या बाजूला खालच्या पाटलांच्या बैलबंडीतून टिनं आली, बल्ल्या आल्या. भिंती खांद्याच्या वर गेल्या, पुऱ्या झाल्या. आता आढं चढवायचं राहिलं.

आणि तिथे आम्ही अडकलो. आमच्याकडे घराचं आढं चढतं तेव्हा त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, आणि तो घरधनी फोडतो. ज्यानं आढ्याचा नारळ फोडला त्याचं घर. कागद काहीही म्हणोत, गाव याच्यावर चालतं. शेंबडं पोरही हे जाणतं. मी जाणत होते. यजमान याच मातीत जन्मले, त्यांच्या स्वतःच्या घराचं आढं त्यांनी डोळ्यांनी चढताना पाहिलेलं. पण अमेरिका-रशियाच्या भानगडीत नारळ कुठेच येत नाही, म्हणून त्यांच्या योजनेतही तो आला नाही. आणि मी? मी खिडक्या पाहत होते.

यजमान डगमगले नाहीत. असा पेच चर्चेनंच सुटतो, असं म्हणून त्यांनी शिखर परिषद बोलावली, आमच्याच ओसरीवर. दोन्ही पाटलांसाठी एकाच उंचीच्या दोन खुर्च्या हव्यात म्हणून पोस्टमास्तरांकडून एक आणली. कपही एकाच नक्षीचे हवेत, तेही तिथूनच. खुर्च्या नकाशापासून सारख्या अंतरावर ठेवल्या. पाटील आले आणि एकमेकांकडे न पाहता यजमानांशी बोलायला लागले, जसे काही यजमान टपालपेटी आहेत.

“भिती माह्या,” वरचे पाटील म्हणाले. “आढं माह्या भितीवर टेकनार. मंग नारळ दुसरा कोन फोडीन?”

“सर, त्यायले सांगा,” खालचे पाटील म्हणाले, “भिती तं उकिरड्यालेबी राह्यतात. टिन चढलं तवा घर होते. नारळ टिनावाल्याचा.”

यजमानांनी चष्मा पुसला. “दोन नारळ. एकाच क्षणी. दोघांचा दर्जा समान.”

दोघांनी एकदमच कप उचलले. मला वाटलं, जमलं.

“एकाच क्षनी म्हंजे?” वरचे पाटील म्हणाले. “कोन सांगीन?”

“मी सांगेन. एक, दोन, तीन.”

“अन् यानं दोनावरच फोडला तं?”

खालचे पाटील पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळले. “काऊन बे, माह्या हाताले घाई हाय का तुह्या? पोळ्याले मंधात कोन घुसलं होतं?”

“मंधात? माह्या बापाची जोडी पहिली होती बे! तुह्या बापाले इचार जा!”

दोघांचेही बाप स्वर्गवासी होते, त्यामुळे विचारपूस तिथेच खुंटली. दोघं उठले. जाताना वरच्या पाटलांनी मला सांगितलं, “बाई, पोट माह्यं अन् टोपी त्याची, असा मानूस कुठी पाह्यला का तुमी?” खालचे पाटील अंगणातून ओरडले, “टोपी नाई तं पोटाले कोन इचारते!”

“चर्चेचं दार उघडं आहे,” यजमान म्हणाले. उघडंच होतं. दोघंही ते न लावता गेले होते, आणि कुत्रं येऊन कपाजवळची बिस्किटं हुंगत होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या पाटलांची माणसं आली. भिंतींकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी त्याच जागेच्या दुसऱ्या टोकाला खड्डे खणले, बल्ल्या रोवल्या, वर आढं टाकलं, पाटलांनी नारळ फोडला आणि टिनं ठोकली. संध्याकाळी चित्र असं होतं: एका बाजूला चार भिंती, वर आभाळ. दुसऱ्या बाजूला छप्पर, खाली वारा. मधे वीसेक पावलांवर मी.

वरचे पाटील हटले नाहीत. त्यांनी भिंतींना पांढरा चुना मारून घेतला.

गावाची करमणूक झाली. टिनाखाली दुपारच्या शेळ्या बसायच्या आणि भिंतींच्या आत गाढवं. पाण्याला जाणाऱ्या बाया मला हाका मारून विचारायच्या, “बाई, पाचवी कोन्या खोलीत अन् सहावी कोन्या?” एकीनं तर यजमानांना वाटेत गाठून विचारलं, “सर, रशियातबी असंच बांधतात का हो?”

यजमान घरी येऊन म्हणाले, “ही शस्त्रस्पर्धा आहे. तिचा एक फायदा असतो. समतोल आपोआप येतो.”

“समतोल आला,” मी म्हटलं. “खोली आली नाही. आणि डिप्टीसाहेब येत्या आठवड्यात येताहेत.”

ते नकाशाकडे वळले. मी बाहेर पडले.

तुरीच्या काठ्या, ज्याला आमच्याकडे तुराट्या म्हणतात, त्या उन्हाळ्यात घरोघरी रचून ठेवलेल्या असतात. त्यांचा कूड बांधून दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपली की भिंत होते. गरिबांची अर्धी घरं अशीच उभी आहेत. नवा शोध नव्हता. टिनाच्या चारी बाजूंनी कूड घातला की झाली खोली, आणि कुडाला नारळ लागत नाही. मी मुलींच्या आयांना निरोप धाडला: पाचवी हवी असेल तिनं एक भारा तुराट्या घेऊन यावं. पाटलांच्या घरी मुद्दाम निरोप दिला नाही. त्यांच्या तुराटीलाही मान लागला असता.

सकाळी सगळ्यांत आधी बौद्ध वस्तीतल्या बाया आल्या, कारण त्यांच्या कामाची वेळ आमच्या झोपेत सुरू होते. मग माळ्यांच्या आल्या, तेल्यांची एक आली, वाण्याची सून तोंडावर पदर घेऊन आली आणि भारा टाकून पळाली. शेळ्या हाकलल्या. तुराट्यांचे तट्टे बांधायला सुरुवात झाली. यजमानही आले, लांब उभे राहिले आणि बल्लीच्या कोनाबद्दल काही बोलू लागले. चौथीत पहिली आलेल्या त्या मुलीची आई चिखलात गुडघाभर उभी होती. ती म्हणाली, “सर, ते मांगून सांगा. पहिले हे तट्टं धरा, पडून राह्यलं.”

त्यांनी धरलं. नंतर आडाचं पाणीही शेंदून आणलं, धोतर वर खोचून. हे लिहायला हवं, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फारसं चांगलं लिहिणार नाही.

दोन दिवसांत कूड उभा राहिला. आतून-बाहेरून लिंपण झालं. एक दार, दोन झरोके. हात लावला तर अजून ओल लागत होती, पण चार भिंती आणि वर छप्पर. मी दारात उभी राहून पाहत होते, आणि बाया हातपाय धूत होत्या, तेवढ्यात समोरून दोन्ही पाटील येताना दिसले. बरोबर. शेजारी शेजारी. एकमेकांशी बोलत.

यजमानांनी माझा दंड धरला. “पाहिलंस? समझोता! मी म्हणत होतो. शेवटी बड्या सत्तांना एकत्र यावंच लागतं.”

आले ते का आले हे कळायला वेळ लागला नाही. दोघंही अतिशय गोड बोलले. शिक्षणाच्या विरुद्ध कोणी नव्हतं. बौद्धांच्या मुली शाळेत बसतात, बसोत, कायदाच आहे. चौथीपर्यंत त्या बसतच होत्या, दाराकडच्या कोपऱ्यात, आणि त्यांना त्या कोपऱ्यातून आत आणायला मला किती महिने लागले होते ते मलाच ठाऊक. पण आता नवी खोली. नवी खोली म्हणजे नवी सुरुवात, आणि सुरुवात रीतीनं व्हावी.

“या भिती त्यायनं लिंपल्या,” वरचे पाटील म्हणाले. बाया दहा हातांवर होत्या, तरी ‘त्यायनं’. “एक हात आमच्या घरच्या बायकायचा फिरू द्या वरतून. अन् त्यायच्या पोरी तिकडं, बाहेरच्या अंगानं. छपरी काढून देतो ना मी.”

“टिन मी देतो छपरीले,” खालचे पाटील म्हणाले.

भिंत एकाची, टिन दुसऱ्याचं, आणि नारळाचं कोणी नाव काढलं नाही. जे एका खोलीसाठी जमलं नव्हतं ते छपरीसाठी उभ्या उभ्या जमलं.

त्या मुलीच्या आईनं हात धुणं थांबवलं. “आमचं लिंपन ओलंच हाय पाटील,” ती म्हणाली. “खरवडून न्या लागन तं. पन पोरगी आत बसन.”

यजमान मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “हे बघ, दोन्ही सत्ता एका बाजूला आल्या की लहान राष्ट्रानं व्यवहार पाहावा. मंजुरी हातात पडू दे. तात्पुरती तडजोड समज.”

“तुमची खुर्ची तात्पुरती अंगणात टाकू?” मी विचारलं.

ते बायांसाठी आणखी पाणी शेंदायला गेले. एवढी अक्कल त्यांना होती.

कायद्याचं नाव मी काढलं असतं तर पाटील आणखी गोड झाले असते आणि डिप्टीसाहेबांना स्टँडवरच गाठून जेवायला घेऊन गेले असते. मग खोली पाहून झाली असती ती पानविड्यानंतर. म्हणून कायदा मी पदरात ठेवला आणि वरच्या पाटलांकडे वळले.

“पाटील, तुमचं खरं आहे. ही खोली राहू द्या. लोकांना पसंत नाही तर कशाला? पाचवी मी तुमच्या भिंतींत भरवते. वर तुराट्यांचं छप्पर घालते, आढ्याचा नारळ तुम्ही फोडा. उद्याच.”

वरच्या पाटलांच्या मिशा हलल्या. खालच्या पाटलांची मान फिरली.

“अन् माह्यं टिन?”

“तुमचं टिन शेळ्यांना बरं पडतं. डिप्टीसाहेबांना सांगेन, हे शेळ्यांचं आहे.”

“कोनाचं?”

“शेळ्यांचं. शाळा त्या तिकडे, वरच्या पाटलांची.”

वरचे पाटील लगेच म्हणाले, “हाव, बाईचं बरोबर हाय. माह्या भिती दगडी हायेत. चुना मारेल हाय.”

“तुह्या चुन्यात गाढवं लोळून राह्यली बे!” खालचे पाटील म्हणाले. “बाई, पाचवी इथंच भरीन. माह्या टिनाखाली. डिप्टी साह्यबाले इथंच आना.”

“मग बसायचं कसं?”

“कसं म्हंजे?”

“तुम्ही आत्ता दोघं म्हणत होतात ते. बाहेरच्या अंगानं.”

खालचे पाटील माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना मी काय करते आहे ते समजलं, ते काही खुळे नव्हते. पण शेजारी उभे असलेले वरचे पाटील मिशीत हसत होते, आणि ते हसू त्यांना माझ्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

“बसू द्या जशा बसतीन तशा,” ते म्हणाले. “टिन माह्यं हाय. माह्या टिनाखाली कोन कुठी बसन ते दुसऱ्यानं नाई सांगाचं.”

“हे गावासमोर बोलता ना?”

“गावासमोर बोलून राह्यलो.” बाया ऐकत होत्या. पाटलांनी आवाज आणखी वाढवला. “लिंपनबी हेच राहीन!”

वरचे पाटील घाईघाईनं पुढे सरले. “बाई, माह्या भितीतबी बसवा ना पोरी. जशा बसतीन तशा. कोन नाई म्हन्ते?”

“पुढल्या वर्षी सहावी काढते तुमच्या भिंतींत,” मी म्हटलं. “तोवर गाढवं काढा.”

दोघं आले होते एका वाटेनं, गेले दोन वाटांनी. बायांनी पुन्हा हात धुवायला घेतले. मला आनंद झाला, पण फार नाही. माणसांना माणुसकी सुचली नव्हती; एकाला दुसऱ्याची जिरवायची होती, आणि त्यात मुलींचं भागलं. ज्या चुलीवर भाकरी भाजते तिच्यात कोणतं लाकूड आहे ते मी विचारत नाही, पण ते चंदन आहे असंही म्हणत नाही.

डिप्टीसाहेब आले. वयस्कर, थकलेले, पाय सुजलेले. त्यांनी भिंतीला बोट लावून पाहिलं, वर पाहिलं, आणि त्या चुना मारलेल्या बिनछपराच्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, “ते काय आहे?”

मी तोंड उघडायच्या आत यजमान पुढे झाले. त्यांनी शीतयुद्धापासून सुरुवात केली. बर्लिन आलं, कोरिया आला, हिमालय आला. साहेब उन्हात उभे राहून ऐकत होते. कोरियाच्या सुमारास त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, चहा आहे का?” चहा पिऊन त्यांनी मंजुरीवर सही केली. त्या सहीत अलिप्ततेचा वाटा किती आणि सुजलेल्या पायांचा किती, हे यजमानच जाणोत.

पुढे त्यांनी ते लिहिलंही. एका मासिकात त्यांचा लेख आला, ‘ग्रामीण सत्तासमतोल: एक निरीक्षण’. दोन प्रतिस्पर्धी सत्तांना समान अंतरावर ठेवल्यास लहान घटकाला दोहोंकडून लाभ होतो, आणि एका खोलीच्या जागी दोन मिळतात, हे त्यांनी सप्रमाण सिद्ध केलं होतं. कूड त्यात नव्हता. बाया नव्हत्या. छपरीची गोष्ट ‘काही तात्कालिक सामाजिक प्रश्न’ या चार शब्दांत उरकली होती. मी होते. एका तळटीपेत, ‘स्थानिक घटक’ म्हणून. विद्यापीठात लेखाचं कौतुक झालं. मी तो वाचावा म्हणून त्यांनी माझ्यापुढे धरला तेव्हा मी गहू पाखडत होते. “ठेवा तिथे,” मी म्हटलं, “स्थानिक घटकाचे हात भरलेत.”

पण ते नंतरचं. त्याआधी शाळा उघडली. पाचवीच्या पहिल्या दिवशी मुली आल्या त्या आयांच्या बोटाला धरून नाही, तर आयांना मागे टाकून धावत. शेणमातीचा वास अजून गेला नव्हता. गंमत म्हणजे दोन्ही पाटलांच्या घरून एकेक नात आली होती, नवे परकर, तेल चापून घातलेल्या वेण्या. आदल्या दिवसापर्यंत दोन्ही घरांत मुलींना चौथीपुढे शिकवायचं नाही असं ठरलेलं होतं. पण दुसऱ्याच्या घरची येते म्हटल्यावर आपल्या घरची कशी राहील?

मुली दारात घोळक्यानं उभ्या राहिल्या आणि आत कोणी जाईना. कोण कुठे बसणार, हे पाहायला बाहेर बरीच माणसं उगाच रेंगाळली होती. काहींना तर शाळेजवळ काम निघालं होतं, ज्यांना जन्मात कधी निघालं नव्हतं.

“उंचीनं उभ्या राहा,” मी म्हटलं. “बुटक्या पुढे, उंच मागे. फळा सगळ्यांना दिसला पाहिजे.”

त्या पाठीला पाठ लावून मोजामोजी करायला लागल्या. पाटलाची नात आणि मजुराची लेक पाठीला पाठ लावून, डोक्यावर पाटी आडवी धरून, कोण मोठी ते पाहत होत्या आणि खिदळत होत्या. बाहेरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. उंचीला काय हरकत घ्यायची हे कोणालाच सुचेना. त्रैराशिकवाली मुलगी सगळ्यांत बुटकी, ती पहिल्या पट्टीवर, अगदी फळ्यासमोर जाऊन बसली. पाटलांच्या दोन्ही नाती दुधातुपानं वाढलेल्या. त्या शेवटच्या पट्टीवर गेल्या, एकमेकींशेजारी.

खालचे पाटील दारापाशी आले. आवाज खाली होता, पण त्यात धार होती.

“काऊन बाई? टिन माह्यं, अन् नात माही सबन्याइच्या मांगं?”

“सगळ्यांत उंच आहे ती,” मी म्हटलं. “वर्गात तिच्याएवढी एकही नाही. वरच्या पाटलांची नातसुद्धा दोन बोटं कमी भरली.”

पाटलांनी आत डोकावून पाहिलं. नात खरंच उंच होती.

“दोन बोटं?”

“दोन बोटं. पाटी धरून पाहिलंय.”

“हाव,” ते म्हणाले, आणि फेटा सारखा केला. “आमच्या घरचे सारे उंचच राह्यतात.” आणि हे वरच्या वेटाळात जाऊन सांगायला ते वरच्याच वाटेनं निघाले. मी आत जाऊन खडू उचलला.